उन्हाच्या अलीकडे, उन्हाच्या पलीकडे

चैत्र सरून वैशाख लागला, की हैदराबादेतील आम्हां मराठी मंडळींच्या घरांत दोन विषय हमखास निघतात. यंदा लोणच्याला कैरी कोठून आणायची, हा पहिला. आणि मुलांच्या सुट्टीत जायचे कोठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर गृहिणींनी पूर्वापार आपल्याच हाती ठेवले आहे. दुसऱ्याचे उत्तर आमच्या लहानपणी ठरलेले असे. काचीगुड्याच्या स्थानकावर रात्रीच्या गाडीत ट्रंका आणि वळकट्या चढवायच्या आणि नांदेड-परभणीकडच्या एखाद्या खेड्यात मामाच्या वाड्यावर जाऊन उतरायचे. आता मामांची मुले पुण्यात सदनिकांत राहतात आणि वाड्याच्या माळवदावर गवत उगवते. तेव्हा ज्यांना परवडते ते थंड हवेच्या गावी जातात आणि ज्यांना परवडत नाही ते खिडक्या लावून, कूलरमध्ये पाणी ओतून, सूर्यनारायणाला चार शब्द सुनावत मृगाची वाट पाहतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका आप्तांनी घाम टिपता टिपता विचारले, "अहो, चारमिनार झाला, गोवळकोंडा झाला. या उन्हात तुमच्याकडे आणखी पाहण्यासारखे आहे तरी काय?" त्या वेळी आम्ही त्यांच्या हाती पन्ह्याचा पेला दिला आणि उत्तर टाळले. ते उत्तर आज वाचकांना देत आहोत. आमच्याकडे उन्हाळ्यात पाहण्यासारखी पहाट आहे आणि संध्याकाळ आहे. आणि त्या दोन्ही पाहायच्या तर गावाबाहेर, माळावर जाऊन पाहायला हव्यात.

उन्हाळ्याचा दिवस सबंध वाईट नसतो. जुन्या लुगड्याचे पोत रखरखीत असले तरी त्याचे दोन्ही काठ जरीचे असावेत, तसा तो असतो. हवामानखात्याच्या आकड्यांतही हे काठ दिसतात. मे महिन्यात हैदराबादेचे दुपारचे तापमान सरासरीने ३९ अंशांच्या घरात जाते आणि पहाटेचे २६ अंशांच्या आसपास उतरते. म्हणजे एकाच गावात, एकाच दिवशी, बारा-तेरा अंशांचे अंतर पडते. २ जून १९६६ रोजी येथे ४५.५ अंशांची नोंद झाली होती. वर्तमानपत्रे असे दुपारचे आकडे ठळक छापतात, आम्ही तेच वाचतो आणि सारा ऋतू त्या एका आकड्यावरून जोखतो. कालिदासाने मात्र असे केले नाही. 'ऋतुसंहारा'चा आरंभच त्याने ग्रीष्मापासून केला आणि पहिल्याच श्लोकात सूर्याची प्रखरता सांगतानाच दिवसाचा शेवट रमणीय असतो, चंद्र हवाहवासा वाटतो, असे नमूद केले. पहाटेचा उल्लेख त्या श्लोकात नाही. ती उणीव आमच्यासारख्याने भरून काढणे हे धाष्टर्य खरे. पण पहाटेशी आमची ओळख नोकरीने करून दिली आहे, म्हणून ते करतो.

आमचे शिक्षण उस्मानिया विद्यापीठात मराठी घेऊन एम. ए.पर्यंत झाले, नोकरीत मात्र शाळा लाभल्या त्या तेलुगुभाषक मुलांच्या, आणि त्याही बहुतेक शहराच्या पश्चिमेस, विकाराबादच्या बाजूच्या. आमच्या राज्यात १५ मार्चच्या सुमारास सरकारी शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात. तेलुगुत त्यांना 'ओंटिपूट बडुलु' म्हणतात, म्हणजे एका वेळेच्या शाळा. सकाळी आठला घंटा आणि साडेबाराला सुट्टी. एप्रिलच्या चौथ्या आठवड्यात उन्हाळ्याची रजा लागते ती १२ जूनला शाळा उघडेपर्यंत. आठच्या घंटेला खेड्यात हजर राहायचे म्हणजे काळोखातच घर सोडणे आले. पहिली बस आम्हांला फाट्यावर उतरवी आणि तेथून शाळेपर्यंत दोन किलोमीटरांची पायवाट असे. पहिली एक-दोन वर्षे आम्ही ती कपाळाला आठ्या घालून तुडविली. पुढे केव्हा तरी आठ्या गेल्या आणि पाय मंदावले. एके दिवशी ध्यानात आले, की आम्ही मुद्दाम आधीची गाडी पकडू लागलो आहोत.

त्या वेळी माळावर काय असते? प्रथम असतो वारा. रात्रभर निवत आलेल्या जमिनीवरून तो येतो आणि त्याला कडुनिंबाच्या मोहराचा मंद, मधासारखा वास असतो. पाडव्याला आम्ही निंबाची पाने खातो, आमचे शेजारी त्याच दिवशी उगादीच्या पच्चडीत निंबाची फुले घालतात. एकाच झाडाचा प्रसाद दोन भाषांत वाटला जातो, तो हा वास. मग हळूहळू दगड दिसू लागतात. हैदराबादेच्या भोवतालचे हे दगड बाहेरच्या माणसास प्रथम भयाणच वाटतात. एकावर एक रचलेले, आता पडतील की मग पडतील असे भासणारे हे प्रचंड गोटे कोणी रचलेले नाहीत. हा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा आहे. पृथ्वीच्या पोटात निवालेला हा खडक वरची माती झिजून उघडा पडला, त्याच्या भेगांतून पाणी आणि ऊन शिरत गेले, कोपरे कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत गेले आणि चौकोनी शिळांचे गोल गोटे झाले. आपल्या महाराष्ट्राचा काळा पाषाण याच्यापुढे अगदीच तरुण. त्याचे वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. पश्चिमेस विकाराबादच्या बाजूला हा काळा पाषाण आणि हा ग्रॅनाइट एकमेकांना भेटतात. मराठी आणि तेलुगु जेथे मिसळतात, जवळपास तेथेच त्यांच्या खालचे दगडही मिसळावेत, याची आम्हांला नेहमी मौज वाटते.

सूर्य उगवण्यापूर्वी हे दगड राखी असतात, मग जांभळट होतात आणि पहिले किरण पडताच पिकल्या आंब्याच्या सालीसारखे दिसू लागतात. रात्रभरात ते इतके निवलेले असतात, की त्यांवर पाठ टेकून बसावे. मेच्या मध्यास पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो आणि सहसा त्याच वेळी दिवसातील सर्वांत कमी तापमान असते. म्हणजे थंडावा मिळवायचा तर सूर्य उगवल्यानंतर उठून उपयोगी नाही. तो उगवताना आपण माळावर असायला हवे.

त्याच वेळी ताडाच्या शेंड्यावरून गौड उतरत असतात. कमरेला दोराचा फास, पाठीशी मडकी, आणि सरळसोट खोडावर माणूस असा चढतो-उतरतो, की आमच्यासारख्याचे तळवे खाली उभ्या उभ्याच घामेजतात. एकाने आम्हांला एकदा पानाच्या द्रोणात नीरा दिली. ती गार, गोड आणि पहाटेसारखीच निर्मळ होती. शाळा सुटल्यावर परत जाताना आम्ही पुन्हा मागितली, तेव्हा तो हसला. "ती सकाळची होती सारू. आता ती नीरा राहिली नाही, कल्लू झाली." उन्हे चढली की नीरा आंबते आणि तिची ताडी होते. एकाच झाडाचा एकाच दिवशीचा रस. सहा वाजता तो मुलांना द्यावा, दुपारी मुलांपासून दूर ठेवावा. उन्हाळ्याच्या दिवसाविषयी आम्हांला जे सांगायचे आहे, ते याहून नेमके आम्हांला सांगता येणार नाही.

पक्ष्यांचेही असेच आहे. दयाळ उजाडण्यापूर्वीच गाऊ लागतो आणि ऊन तापले की गप्प होतो. कोकिळ आणि पावशा पहाट गाजवतात. उघड्या खडकाळ जमिनीवर टिटवी अंडी घालते. ती अंडी खड्यांत इतकी मिसळून जातात, की पाऊल टाकताना जपावे लागते. हीच टिटवी दुपारी पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसून त्यांना गारवा देते, हे जाणकारांनी पाहून लिहून ठेवले आहे. १९३१-३२ साली डॉ. सालिम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी केली होती. त्या काळचे संस्थान म्हणजे आजचा मराठवाडाही त्यात आलाच. तो १९५६ पर्यंत या राज्याचा भाग होता. आमच्या आजोळच्या टिटव्या आणि येथल्या टिटव्या एकेकाळी एकाच पाहणीत मोजल्या गेल्या, हे वाचले तेव्हा आम्हांला नाते नव्याने कळल्यासारखे वाटले.

येथवर वाचून कोणास वाटेल, की मुख्याध्यापक मोठे निसर्गाचे जाणकार दिसतात. तसे नाही. जे थोडे कळले ते एका चुकीपायी कळले, आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल महिना होता. आठवीच्या वर्गाला आम्ही खडक कसे झिजतात हे शिकवीत होतो आणि उत्साहाच्या भरात ठरविले, की रविवारी मुलांना समोरच्या टेकडीवरच न्यावे. टेकडी शाळेपासून तीन किलोमीटर. सहाला निघायचे ठरले होते. पण कोणी उशिरा आले, कोणाची शिदोरी राहिली, हजेरी घेण्यात वेळ गेला आणि आम्ही निघालो ते साडेसातला. एवढ्याशा उशिराने काय बिघडते, असे आम्हांस वाटले. टेकडीवर मुले रमली. आम्ही त्यांच्याहून अधिक रमलो. पापुद्रे सुटलेला एकेक गोटा दाखविता दाखविता दहा वाजून गेले. उतरताना दगड तव्यासारखे तापले होते. पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या. पायथ्यापासून थोडे पुढे आलो आणि मागून ओरडा झाला. एक मुलगा वाटेतच खाली बसला होता. चेहरा लालबुंद, अंग भट्टीसारखे, डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही.

आम्ही त्या मुलाचे डोके मांडीवर घेतले आणि पुढे काय करावे ते आम्हांला सुचेना. वीस वर्षे वर्गात उभे राहून बोललेला माणूस त्या क्षणी मुका झाला होता. चिंचेच्या सावलीत मेंढ्या बसवून एक म्हातारा मेंढपाळ विसावला होता, तो धावत आला. त्याने मुलाला उचलून सावलीत नेले, सदरा काढला, आपले मुंडासे सोडून प्लॅस्टिकच्या डब्यातील सारे पाणी त्यावर ओतले आणि ते ओले वस्त्र मुलाच्या अंगावर पसरून घोंगडीने वारा घालू लागला. आम्हांला म्हणाला, "बैठो नक्को सार, हवा करो." आम्ही हजेरीपट घेऊन वारा घातला. दुसऱ्या मुलाने गावात धाव घेऊन मोटारसायकल आणली. आरोग्यकेंद्रात पोहोचेतो मुलाने आईला हाक मारली, आणि ती हाक ऐकून आमच्या डोळ्यांना धारा लागल्या. डॉक्टरांनी सलाइन लावले आणि सांगितले, की आधी अंग गार केलेत म्हणून बरे झाले. तसेच तापलेले घेऊन आला असता तर अवघड होते.

संध्याकाळी मुलाचे वडील आले. ते रागावतील, अशी आमची अपेक्षा होती. खरे म्हणजे त्यांनी रागवावे, अशी इच्छा होती. त्यांनी उलट आम्हांलाच हात जोडले, कारण मुलाला 'सारू'ंनी दवाखान्यात आणले होते. तो नमस्कार आम्ही आजवर विसरलो नाही.

दुसऱ्या दिवशी मेंढपाळास भेटावयास गेलो. त्याला पैसे देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. शहराकडच्या दख्खनीत तो एवढेच म्हणाला, "धूप से लड़ना नक्को सार. धूप का टाइम धूप को देना, अपना टाइम अपन लेना." मग त्याने आपला दिवस सांगितला. उन्हाळ्यात त्याच्या मेंढ्या चांदणी असतानाच उठतात. नऊच्या सुमारास त्यांना सावलीत बसवतो. चारनंतर पुन्हा सोडतो आणि चांदण्या रात्री उशिरापर्यंत चारतो. रात्री कोणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवतो, म्हणजे शेताला खत मिळते आणि त्याला धान्य. "बारा वाजता माळावर कोण असतो?" आम्ही विचारले. "कोई नई," तो म्हणाला, आणि थोडे थांबून, "कल आप थे."

त्या उत्तरात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. आम्ही विचार करू लागलो. या दख्खनच्या पठारावर माणूस हजारो वर्षे राहतो आहे. त्याला उन्हाळा नवा नाही. मेंढपाळ, ताडावर चढणारा गौड, पहाटे नांगर धरून दहाला सोडणारा कुणबी, चार वाजता सडा घालणारी त्याची गृहिणी, या सर्वांनी दिवसाची वाटणी करून घेतली आहे. मधला वाटा सूर्याचा. दोन्ही टोके माणसाची. आम्ही शहरातल्यांनी नेमका उलटा व्यवहार केला. दिव्यांमुळे रात्री उशिरापर्यंत जागतो, म्हणून पहाट झोपेत जाते. संध्याकाळ वाहनांच्या गर्दीत जाते. उरतो तो मधला वाटा, आणि त्यालाच आम्ही उन्हाळा म्हणतो. आमचे भांडण उन्हाळ्याशी नाही. आमच्या घड्याळाशी आहे.

संध्याकाळचा धडा आम्हांला घरातच मिळाला. आमच्या मातोश्री लग्न होऊन परभणी जिल्ह्यातून या शहरात आल्या, त्याला आता साठ वर्षे होत आली. सुलतान बाजारातील बिऱ्हाड, मग काचीगुड्यातील घर, आता त्याच जागी उभी राहिलेली इमारत आणि तिच्यातील तिसरा मजला. उन्हाळ्यात त्या कष्टी होतात. माहेरच्या अंगणातील बाजेवर झोपण्याची आठवण काढतात. सिमेंटच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ते परत देतात. अंगण नाही, गच्चीवर पाण्याच्या टाक्या. तीन वर्षांपूर्वी वैशाखात एके दिवशी आम्ही त्यांना गाडीत बसवून पाच वाजता गंडीपेटला नेले.

येथे थोडा इतिहास सांगणे आले. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला, हजारो माणसे दगावली. असा पूर पुन्हा येऊ नये म्हणून विश्वेश्वरय्यांना बोलावण्यात आले. त्यांच्या सल्ल्यावरून शहराच्या वरच्या अंगाला दोन जलाशय बांधले गेले. मुसीवरचा उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला; गंडीपेट गावाजवळ म्हणून लोक त्यालाच गंडीपेट म्हणतात. इसा नदीवरचा हिमायतसागर १९२७ चा. पुरापासून रक्षण करण्यासाठी बांधलेल्या या तलावांनी पुढे शहराला पिढ्यान् पिढ्या पाणी पाजले. गंडीपेटचे पाणी एकदा प्यालेला माणूस हे शहर सोडून जात नाही, अशी येथे म्हण पडली. आपल्या वाडवडिलांपैकी किती जण चार वर्षांच्या नोकरीसाठी म्हणून आले आणि येथलेच झाले, ते आठवले की म्हण खोटी म्हणवत नाही.

उन्हाळ्यात तलावाचे पाणी मागे सरते आणि कडेला भेगाळलेल्या चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या पट्ट्यावर बगळे आणि शेकाटे उभे असतात. पाण्यावर नदीसुरय सूर मारतात. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला ओलावा असतो. संध्याकाळी टेकड्यांवर मात्र जाऊ नये, कारण दिवसभर तापलेले दगड सूर्य मावळला तरी बराच वेळ धग सोडीत नाहीत. पहाट खडकावर पाहावी, संध्याकाळ पाण्याकाठी, असे आमचे सूत्र या अनुभवातून झाले. मातोश्रींसाठी आम्ही झाडाखाली सतरंजी घातली. शेजारी एक बाई ताडगोळे सोलून विकत होती. येथे त्यांना 'मुंजल' म्हणतात. मातोश्रींनी दोन खाल्ले. सूर्य मावळला, पश्चिमेस बराच वेळ केशरी उजेड रेंगाळला आणि मग दूरवर रातव्याचा ठोके घातल्यासारखा आवाज सुरू झाला. पुष्कळ वेळ त्या काही बोलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "इतक्या जवळ होतं का रे हे?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. काचीगुड्यापासून गंडीपेट वीस-पंचवीस किलोमीटर. साठ वर्षे त्या येथले पाणी प्याल्या, आणि ते पाणी जेथून आले ती जागा संध्याकाळी दाखवायला त्यांच्या मुलाला साठ वर्षे लागली.

वाचकहो, तुमच्याही घरात अशा कोणी असतील. त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. शहरात राहून पहाट पाहायची तर बंजारा-जुबिली टेकड्यांवरील कासू ब्रह्मानंद रेड्डी उद्यानाची वाट धरावी. १९९८ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि तेथे मोर ओरडताना ऐकू येतात. वायव्येस अमीनपूरचा तलाव आहे. २०१६ मध्ये त्याला जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला. उत्तरेस शामीरपेटचा तलाव आहे. एक रात्र मुक्काम करता येत असेल तर विकाराबादजवळच्या अनंतगिरीला जावे. तेथे दाट झाडी आहे, अनंतपद्मनाभाचे मंदिर आहे आणि आपली मुसी तेथेच उगम पावते. ज्या नदीचे नाव आता शहरात आपण नाकाला रुमाल लावून घेतो, तिचा उगम मुलांनी एकदा पाहावा.

पहाटे निघायचे तर उजाडण्यापूर्वी घर सोडावे आणि साडेसातला परतीची वाट धरावी. उशीर झाला तर बेत रद्द करावा, पुढे रेटू नये. माणशी दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी किंवा पदर, पायांत बंद जोडे, कारण दगडांच्या फटींत विंचू आणि साप गारव्याला बसतात. सोबत ताक, पन्हे, मीठ-साखरेचे पाणी असावे. कोणी भोवंडले, अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, तर प्रथम सावली, मग ओले वस्त्र आणि वारा, आणि लगेच दवाखाना. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. आमच्या त्या म्हाताऱ्या गुरूने हे सारे न शिकता केले होते.

शेवटी एक काळजी सांगावीशी वाटते. ज्या टेकडीने आम्हांला धडा दिला, तिची आता निम्मी खडी झाली आहे. पलीकडच्या माळावर 'व्हेंचर' पडले आहे. रंगीत दगड रोवून भूखंड आखले आहेत आणि मेंढ्यांच्या वाटेवर भिंत उभी आहे. १९९६ साली सरकारने दोन्ही सागरांच्या भोवती दहा किलोमीटरांच्या परिसरातील ८४ गावांत मोठ्या बांधकामांवर निर्बंध घातले होते. एप्रिल २०२२ मध्ये ते उठविण्याचा आदेश निघाला. मार्च २०२५ च्या अखेरीस गच्चीबावलीच्या कांचामध्ये सुमारे चारशे एकरांवर यंत्रे चालू लागली, तेव्हा विद्यार्थी रस्त्यावर आले आणि सर्वोच्च न्यायालयाने झाडतोड थांबविली. आम्ही सरकारी नोकर. धोरणांवर भाष्य करणे आमचे काम नव्हे. पण गणित मुलांनाही कळते. माळ आणि पाणी रात्री निवतात, सिमेंट निवत नाही. माळ जितका घटेल तितकी पहाटही घटेल. आणि जे कोणी पाहिलेलेच नाही, ते गेल्याचे दुःख तरी कोण करणार? म्हणून आधी पाहा, असे आमचे मागणे आहे.

९ मेच्या सुमारास हैदराबादेत सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि काही क्षण उभ्या काठीला सावली उरत नाही. येथले लोक म्हणतात, की रोहिणीच्या उन्हात उखळेही फुटतात. मग मृग लागतो, पहिली सर येते आणि तापलेल्या दगडांतून वाफ उठते. तोवर महिनाभर रोज दोन वेळा दार उघडे असते.

आम्ही अजूनही त्याच बाजूच्या शाळेत आहोत. तो मुलगा आता पंचविशीचा झाला असून फाट्यावर स्वतःची रिक्षा चालवितो. सकाळी आम्ही पायी निघालो तर तो काही बोलत नाही. नमस्कार करतो आणि जाऊ देतो. पण शाळा सुटल्यावर साडेबारा वाजता फाटकाशी रिक्षा उभी असते. पैसे घेताना तो कुरकुर करतो. आम्हांला उन्हात चालू मात्र देत नाही.